दत्तक घेतलेले कार्ड



आजचा विषय नखाएवढा आहे. १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असे एक काळे कार्ड मोबाइलच्या दुकानात काचेखाली मांडलेले असते. त्याला आपण मेमरी कार्ड म्हणतो. वस्तू एवढीशी, पण शाळेच्या कपाटातली सारी पुस्तके तिच्यात मावतात. म्हणून ती कशी वापरावी, आणि तिच्यावर किती विसंबावे, हे नीट समजून घेतलेले बरे.

हा विषय मला सुचला तो सिल्लोड तालुक्यातल्या एका गुरुजींमुळे. २०२० साली करोनाने शाळा बंद पडल्या, तेव्हा घराघरांत मोबाइल आणि टॅब्लेट आले. पुढे शाळा उघडल्या, आणि त्यांतलाच एक जुना, सात इंची टॅब्लेट या गुरुजींच्या वर्गात आला. गुरुजी हौशी. त्यांनी मुलांना सांगितले, "आपापल्या आजीला जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावा, आणि यात भरून आणा." मुले पाळीपाळीने टॅब्लेट घरी नेऊ लागली. कोणाच्या आजीने दोन ओव्या म्हटल्या, कोणाच्या आजीने वीस. एक आजी म्हणे सुरुवातीला नकोच म्हणत होती. मग जात्याचा खुंटा हातात दिला तेव्हा तिला आपोआप ओव्या आठवत गेल्या.

टॅब्लेटमध्ये जागा होती ८ जीबी. थोड्याच दिवसांत पडद्यावर सूचना झळकू लागली की जागा संपत आली आहे. गुरुजींनी सिल्लोडहून ३२ जीबीचे कार्ड आणून टॅब्लेटमध्ये बसवले. टॅब्लेटने विचारले, हे कार्ड बाहेरची साठवण म्हणून वापरू, की आतली म्हणून? 'आतली' हा शब्द गुरुजींना जास्त पक्का वाटला. त्यांनी तो निवडला. जागेची अडचण मिटली, आणि वर्ष-सव्वा वर्ष सारे सुरळीत चालले.

मग टॅब्लेट अडखळू लागला. गुरुजी तो दुरुस्तीला घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "रीसेट मारावा लागेल. आतलं सगळं जाईल." गुरुजी म्हणाले, "मारा खुशाल. माझं सगळं कार्डात आहे."

रीसेट झाला. टॅब्लेट नव्यासारखा चालू लागला. पण कार्ड काही वाचता येईना. दुसऱ्या मोबाइलमध्ये घातले, शाळेच्या संगणकाला लावले. सगळीकडे एकच उत्तर, हे कार्ड आधी फॉरमॅट करा, म्हणजे पुसून कोरे करा. मधल्या काळात वर्गातल्या एका मुलाची आजी वारली होती. तो एके दिवशी गुरुजींजवळ येऊन म्हणाला, "सर, आजीची ओवी लावा ना." गुरुजींजवळ लावायला काही नव्हते.

आता गंमत पाहा. कार्ड बिघडले नव्हते. दुकानदाराने फसवले नव्हते. गुरुजींनी निष्काळजीपणा केला, असेही म्हणता येणार नाही. 'आतली साठवण' या दोन शब्दांचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता, एवढेच. तोच अर्थ आज आपण पाहू.

आधी एक घोटाळा दूर करू. टॅब्लेटमध्ये दोन तऱ्हेची जागा असते. वर्गातलाच दाखला घ्या. फळ्यावर आपण गणित सोडवतो आणि तास संपला की पुसतो. कपाटात वह्या ठेवतो, त्या उद्याही तिथेच असतात. टॅब्लेटमधल्या फळ्याला रॅम म्हणतात आणि कपाटाला स्टोरेज, म्हणजे साठवण. टॅब्लेट बंद केला की फळा पुसला जातो. कपाट तसेच राहते. मेमरी कार्ड घातल्याने कपाट वाढते, फळा वाढत नाही. कपाट काठोकाठ भरल्यामुळे टॅब्लेट अडखळत असेल तर कार्डाने थोडा मोकळेपणा येईल. पण फळाच लहान असेल, तर कितीही मोठे कार्ड घातले तरी टॅब्लेट पळू लागणार नाही.

कपाट भरते कशाने, तेही बघू. ८ जीबीच्या टॅब्लेटमध्ये जवळजवळ अर्धी जागा टॅब्लेट चालवणारी यंत्रणाच खाते. उरलेल्यात ॲप, फोटो, आवाज आणि चित्रफिती. आवाज फार जागा घेत नाही. चांगल्या प्रतीचे ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ५८ एमबी घेते. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पाचशे तासांच्या ओव्या मावतील. चित्रफितीचे मात्र तसे नाही. मध्यम प्रतीची चित्रफीत तासाला दोन जीबीहूनही अधिक जागा गिळते. गॅदरिंगचा एक कार्यक्रम संपूर्ण घेतला, की लहान टॅब्लेट भरलाच समजा. त्यामुळे कार्ड विकत घेण्याआधी कपाट आवरून पाहावे. पुष्कळदा नको असलेल्या चित्रफिती काढल्या की काम भागते आणि पैसेही वाचतात.

आता या काळ्या कार्डाच्या पोटात काय असते? त्यात चाक नाही, फीत नाही, हलणारा कोणताही भाग नाही. मक्याच्या कणसात दाणे जसे ओळीने दाटीवाटीने बसलेले असतात, तशा त्यात सिलिकॉनच्या अब्जावधी बारीक कप्प्यांच्या ओळी असतात. प्रत्येक कप्प्यात थोडासा विद्युत्‌भार कोंडून ठेवता येतो. कोणत्या कप्प्यात किती भार आहे, यावरून कार्ड अक्षरही ओळखते आणि आवाजही. वीज गेली तरी तो भार तिथेच अडकून राहतो. कार्डात वापरतात त्या जातीची ही साठवण जपानमधील तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात शोधली. पुढे १९९९ साली तीन कंपन्यांनी मिळून एसडी कार्ड काढले, आणि आपल्या हातातले छोटे कार्ड हे त्याचेच धाकटे भावंड.

या कप्प्यांच्या दोन खोडी लक्षात ठेवायच्या. पहिली, लिहिता-पुसता त्यांच्या भिंती झिजतात. वहीच्या एकाच जागी खोडरबर पुन्हा पुन्हा घासले की कागद विरतो ना, तसे. दुसरी खोड अशी की कोंडलेला भार वर्षानुवर्षांत हळूहळू झिरपतो. तेव्हा कार्ड म्हणजे दगडावर कोरलेले शासन नव्हे.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. कार्ड दोन रीतींनी वापरता येते. पहिल्या रीतीत कार्ड पाहुणे असते. आपले गाठोडे घेऊन येते, आणि जाताना गाठोड्यासकट जाते. ते काढून दुसऱ्या मोबाइलमध्ये घाला, संगणकाला लावा. फोटो आणि आवाज तिथेही दिसतात, ऐकू येतात. पडद्यावर या रीतीला 'पोर्टेबल' म्हणजे ने-आण करण्याजोगी साठवण म्हटलेले असते. अडचण एवढीच की ॲप बहुधा अशा कार्डावर राहायला जात नाहीत. ते आपले आतल्याच जागेत गर्दी करतात.

दुसरी रीत २०१५ साली आली. त्या वर्षी गुगलने अँड्रॉइडची सहावी आवृत्ती काढली आणि तीत ही सोय दिली. तिला कंपनीने जे इंग्रजी नाव दिले, त्याचा सरळ अर्थ 'दत्तक घेण्याजोगी साठवण' असाच होतो. नाव किती नेमके आहे पाहा. दत्तक जाणारा मुलगा नव्या घराचे नाव लावतो, आणि जुन्या घराशी त्याचा हक्कसंबंध उरत नाही. कार्डाचेही तसेच. टॅब्लेट ते आधी संपूर्ण पुसून कोरे करतो. मग त्यावर आपले कुलूप घालतो. म्हणजे काय, तर त्यावर जे जे लिहायचे ते गुप्त लिपीत लिहितो. ही लिपी उलगडण्याची किल्ली कार्डावर नसते. ती टॅब्लेटच्या पोटात ठेवलेली असते. त्यानंतर ते कार्ड त्या एका टॅब्लेटचे होते. ॲप त्यावर राहायला जातात, फोटो आणि ध्वनिमुद्रणे तिकडे हलतात, आणि ८ जीबीचे घर एकदम चाळीस जीबीच्या घरात येते.

कुणी विचारील, हे कुलूप कशाला? त्यालाही कारण आहे. ॲपच्या पोटात आपले निरोप असतात, बँकेचा व्यवहार असतो, शाळेच्या टॅब्लेटवर मुलांची नावे आणि पत्ते असतात. कार्ड कुणी काढून नेले, तर हे सारे त्याच्या हाती लागू नये. दत्तक कार्ड चोरणाऱ्याला त्यातले एक अक्षरही वाचता येत नाही. कुलूप चोराला अडवते, हे चांगलेच.

पण किल्ली हरवली की तेच कुलूप मालकालाही अडवते. गुरुजींच्या बाबतीत नेमके हेच घडले. टॅब्लेट रीसेट केल्यावर त्याच्या पोटातले सगळे पुसले गेले, आणि त्याबरोबर किल्लीही गेली. ओव्या कार्डात तशाच होत्या, आजही असतील. पण त्या वाचण्याची किल्ली जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण गुरुजींनी आपल्याच तोंडाने "मारा खुशाल" म्हणून पुसायला लावले. टॅब्लेट पाण्यात पडला असता, किंवा त्याचे आतले यंत्र जळाले असते, तरी गत हीच झाली असती. कोणी कितीही पैसे घेतले, तरी ती किल्ली त्याला पुन्हा घडवता येणार नाही.

आणखी एक बारकावा आहे, तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दत्तक घेताना टॅब्लेट विचारतो, तुमचे सामान कार्डावर हलवू का? आपण हो म्हणतो. इथे 'हलवू' हा शब्द महत्त्वाचा. सामान हलवले म्हणजे त्याची दुसरी प्रत झाली नाही. माळ्यावरचे पोते उचलून कोठीत नेले, तर घरात पोती दोन होत नाहीत. आधी एक प्रत आत होती, आता तीच एक प्रत कार्डावर आहे.

म्हणून मंडळी, 'कायमची साठवण' या शब्दांनी फसू नका. इथे कायमचे होते ते कार्डाचे बिऱ्हाड. त्यातला माल कायम टिकेल, अशी हमी त्यात कुठेच नाही. जागा मिळणे वेगळे आणि जपणूक होणे वेगळे.

हे वेगळेपण किती महाग पडते, याचा दाखला आपल्याच तालुक्याच्या उशाला आहे. सिल्लोडहून जळगावच्या रस्त्याने निघाले की गोळेगावच्या पुढे अजिंठा गाव लागते. लेणी घाटाखाली, सोयगाव तालुक्यात. पण ज्या गावाचे नाव त्यांना मिळाले, ते सिल्लोड तालुक्यातले. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तिकडे गेला, आणि लेण्यांचा बोलबाला झाला. भिंतींवरची चित्रे तेव्हाच झडत चालली होती. त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, म्हणून १८४४ साली मद्रास सैन्यातले अधिकारी रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. अजिंठा गावात बिऱ्हाड करून, अंधाऱ्या लेण्यांत बसून, त्यांनी वर्षानुवर्षे मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात ती चित्रे उतरवली. चित्रे लंडनला गेली. तिथे सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या काचेच्या भव्य प्रदर्शनगृहात ती मांडली. १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीला आग लागली. तिथे टांगलेली चित्रे जळून गेली. जी थोडी तिथे नव्हती, तेवढीच वाचली.

पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी हे काम नव्याने हाती घेतले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी लेण्यांतली चित्रे पुन्हा उतरवली. हे विद्यार्थी आपल्याच मुलखातले तरुण होते. त्यांच्या नकलाही लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या. आणि १८८५ साली, म्हणजे काम संपले त्याच वर्षी, तिथे आग लागून त्यांतल्या कितीतरी नष्ट झाल्या.

दोनदा श्रम झाले, आणि दोनदा आग लागली. चित्रकारांनी हयगय केली नव्हती. संग्रहालयाची इमारत काही झोपडी नव्हती. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तीच कायमची जागा होती. चूक एकच की सारा माल एकाच छपराखाली होता. आता वाचले काय, ते पाहा. गिल यांनी काढलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ साली पुस्तकातून प्रसिद्ध झाली होती. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड छापले. ही पुस्तके अनेक ग्रंथालयांत पोचली आणि ती आजही पाहायला मिळतात. चित्रापेक्षा छापील पान काही अधिक टिकाऊ नसते. पण पाने पुष्कळ होती, आणि ती वेगवेगळ्या गावी होती, म्हणून आपल्यापर्यंत आली.

आजीची ओवी आणि अजिंठ्याची चित्रे यांत मोठे कोण, हा प्रश्न इथे नाही. जपण्याचा नियम दोन्हींना एकच आहे.

मग दत्तक कार्ड घ्यावे की घेऊ नये? घ्यावे, पण कोणत्या कामाला, ते ठरवून. टॅब्लेट लहान आहे, ॲप मावत नाहीत, आणि तो टॅब्लेट कार्डासकट एका जागी राहणार आहे, तर दत्तक कार्ड उपयोगी पडेल. ई-बालभारतीची पुस्तके, दीक्षा ॲपमधून उतरवून घेतलेले धडे, सरावाचे खेळ हे सारे खुशाल त्यावर ठेवावे. गेले तरी पुन्हा मिळते. पण जे पुन्हा मिळणार नाही ते एकट्या दत्तक कार्डावर ठेवू नये. मुलांचे आवाज, गावच्या जुन्या माणसांच्या आठवणी, शाळेचे फोटो यांच्यासाठी पाहुणे कार्डच बरे, कारण ते कुठेही वाचता येते.

दत्तक घ्यायचेच ठरले, तर काही पथ्ये पाळा. टॅब्लेटमध्ये अँड्रॉइडची सहावी किंवा त्यापुढची आवृत्ती असावी लागते. तीही असली, तरी पुष्कळ कंपन्या आपल्या टॅब्लेटमधून ही सोय काढून टाकतात. तुमच्या टॅब्लेटवर तो पर्याय दिसत नसेल, तर तो त्यात नाही, एवढेच समजा. भलतेसलते उपाय करीत बसू नका.

कार्ड घेताना त्यावरच्या बारीक खुणा वाचा. वर्तुळासारख्या खुणेत १० हा आकडा असेल, तर ते सेकंदाला किमान १० एमबी सलग लिहू शकते. ॲप ठेवायचे असतील तर 'ए १' किंवा 'ए २' अशी इंग्रजी अक्षर-आकड्याची खूण पाहा. ॲपला एकाच वेळी अनेक ठिकाणी थोडे थोडे वाचायचे-लिहायचे असते, आणि त्या कामात कार्ड किती चपळ आहे, हे ती खूण सांगते. मंद कार्ड दत्तक घेतले, तर सारा टॅब्लेट त्याच्या पायाने चालू लागतो. काही टॅब्लेट स्वतःच कार्डाची परीक्षा घेऊन ते मंद असल्याचे बजावतात. तो इशारा डावलू नका.

बाजारात नकली कार्डेही येतात, बरं का. वर १२८ जीबी छापलेले, आणि आत जागा आठच जीबी. पहिले काही दिवस सारे ठीक दिसते. जागा संपली की पुढचा माल मागच्या मालावर लिहिला जातो, नाहीतर हवेत विरतो. किंमत फारच पडेल असेल तर तिथेच सावध व्हा. पक्की पावती घ्या. घरी आल्यावर कार्ड काठोकाठ भरून पाहा, आणि शेवटी भरलेले फोटो व आवाज खरोखर उघडतात का, तेही पाहा. ही परीक्षा दत्तक घेण्याआधी करायची.

मग कृती. कार्डावर आधीचे काही असेल तर ते दुसरीकडे उतरवून घ्या, कारण ते सारे पुसले जाणार आहे. टॅब्लेट पूर्ण चार्ज करा आणि चार्जरलाही लावून ठेवा. आपल्याकडे वीज केव्हा जाईल, ते सांगता येत नाही, आणि सामान हलवताना टॅब्लेट मध्येच मिटला तर मोठा घोळ होतो. नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज उघडा, कार्डाच्या नावावर बोट ठेवा. कोपऱ्यातल्या तीन टिंबांत कार्ड आतली साठवण म्हणून फॉरमॅट करण्याचा पर्याय असतो. टॅब्लेटनुसार शब्द थोडे वेगळे असतील, पण 'इंटर्नल' किंवा 'अंतर्गत' हा शब्द असेल, तिथेच दत्तकविधान आहे, हे ओळखा.

एकदा दत्तक घेतले, की ते कार्ड चालत्या टॅब्लेटमधून उपसून काढू नका. त्यावरचे ॲप तिथल्या तिथे बंद पडतात, आणि लिहिणे चालू असेल तर माल बिघडतो. 'हे कार्ड विसरा' असा एक पर्याय दिसतो. तो साधासुधा वाटतो, पण त्याने टॅब्लेट किल्लीच टाकून देतो. कार्ड बदलायचे असेल, टॅब्लेट विकायचा असेल किंवा दुरुस्तीला न्यायचा असेल, तर क्रम ध्यानात ठेवा. आधी सारा माल टॅब्लेट चालू असतानाच दुसरीकडे उतरवा, तो उघडून पाहा, आणि मगच कार्ड पुन्हा पाहुणे करा किंवा रीसेटला हो म्हणा. दुकानदार "रीसेट" म्हणाला, की आपण "थांबा" म्हणायचे. एवढा एक शब्द गुरुजींच्या ओव्या वाचवायला पुरेसा होता.

आता जपणुकीचा नियम. जे गमावले तर पुन्हा मिळणार नाही, त्याच्या प्रती किमान दोन, आणि त्या दोन जागी. एकाच कार्डावर दोन फोल्डर केले, तर त्या दोन प्रती नव्हेत. कार्ड गेले की दोन्ही जातात. टॅब्लेटला जोडता येईल अशी छोटी तार मिळते, तिला ओटीजी म्हणतात. तिने पेन ड्राइव्ह लावून प्रत काढता येते. एक प्रत शाळेत असेल तर दुसरी गुरुजींच्या घरी असू द्या. नेट बरे असेल तेथे गुगलच्या खात्यात १५ जीबीपर्यंत मोफत जागा मिळते. आवाजासाठी ती भरपूर झाली. मुलांचे फोटो मात्र तिथे ठेवण्याआधी पालकांना विचारा, आणि खात्याचा परवलीचा शब्द फळ्यावर लिहू नका.

पेन ड्राइव्हच्या पोटातही तसेच कप्पे असतात, म्हणून पेटीत टाकून तो विसरायचा नाही. आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात तर ठेवायचाच नाही. बियाणे आपण पेरणीआधी उगवून पाहतो ना? मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधतो आणि किती कोंब येतात, ते मोजतो. तसेच वर्षातून एकदा जपलेल्या प्रती लावून पाहाव्यात. आवाज येतो का? फोटो उघडतो का? एखादी प्रत रुसली असेल तर दुसरीवरून नवी करून घ्यावी.

शिक्षकांना एक सुचवतो. यासाठी दर महिन्याचा शेवटचा शनिवार ठरवून टाका. सहावी-सातवीची मुले हे काम आनंदाने करतील. दोन मुलांनी प्रत काढावी, दोघांनी ती दुसऱ्या मोबाइलवर लावून ऐकावी, आणि एकाने वहीत नोंद करावी. कोणाच्या आजीचा आवाज, कोणत्या दिवशी घेतला, प्रत कुठे ठेवली, एवढे लिहिले तरी पुरे. आवाज राहिला आणि नाव हरवले, तर पुढच्या पिढीला तो कोणाचा, हे कळायचे नाही.

ज्यांच्या ओव्या गेल्या, त्या गुरुजींनी पुढे काय केले, तेही सांगतो. ते पुन्हा घरोघर गेले. ज्या आज्या आहेत त्यांनी हसत पुन्हा ओव्या म्हटल्या. एक म्हणाली, "एवढं काय त्यात, आणखी धा येळा म्हणंल." जी आजी राहिली नव्हती तिच्या सुनेला त्यातल्या चार ओव्या येत होत्या. त्या तिने म्हटल्या, तो मुलगा शेजारी बसून ऐकत होता. आता त्यांची एक प्रत टॅब्लेटमध्ये आहे, एक पेन ड्राइव्हवर गुरुजींच्या घरी आहे, आणि एक त्या मुलाच्या घरच्या मोबाइलमध्ये आहे.